विषय : उजव्या टोकाच्या खेळाडूच्या टाचा

"हे सगळे अंगणभर पांगलेत," वडील म्हणाले. "कुणी कुणाचा हात धरलेला नाही. असा संघ टिकत नाही."

ऑगस्ट संपत आला होता. न्यूझीलंडमधल्या हेन्डरसनच्या आमच्या घरात थंडीमुळे हीट पंप घरघरत होता आणि टीव्हीवर अमेरिकेतल्या माझ्या जुन्या विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना चालू होता. फुटबॉल म्हणजे त्यांचा. हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून पळायचा. तिथली शनिवार दुपार ही इथली रविवार सकाळ असते, त्यामुळे हा खेळ मला चहाबरोबर बघता येतो. वडील चार दिवसांपूर्वी भारतातून आले होते आणि त्यांच्या झोपेची घडी अजून बसली नव्हती. त्यांनी रिमोट मागितला नाही, म्हणून मी चॅनल बदललं नाही.

मी त्या विद्यापीठात दोन वर्षं काढली आणि एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नाही. सामन्याच्या दिवशी मेसमध्ये भांडी घासायची पाळी माझ्याकडे असे, कारण बाकी सगळ्यांना सामना बघायचा असे. त्या संघाचा मी झालो तो न्यूझीलंडला आल्यावर. इथे ज्याला त्याला रग्बीतल्या विजयांचा अभिमान असतो. मला तेवढं जिंकणं सोसत नाही. माझं विद्यापीठ नेमाने हरतं आणि मी नेमाने बघतो.

या वर्षी मात्र नवा कोच आला होता आणि त्याने स्प्रेड ऑफेन्स आणला होता. जुन्या पद्धतीत बहुतेक सगळे चेंडूभोवती गर्दी करून उभे राहतात आणि ढकलाढकली करत पुढे सरकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड गेलं की आणखी चार प्रयत्न मिळतात. स्प्रेडमध्ये चार-पाच जण मैदानाच्या दोन्ही कडांपर्यंत पांगतात. त्यांना सांभाळायला समोरच्यांनाही पांगावं लागतं, मधे जागा होते, आणि मग चेंडू झटकन बाजूला फेकायचा किंवा त्या जागेतून पळायचं. ज्यांच्याकडे दांडगे खेळाडू नाहीत अशा छोट्या विद्यापीठाला हे करून जिंकता येतं का, यावर अमेरिकेत लोक तावातावाने बोलतात. हेन्डरसनमध्ये आम्ही दोघंच बोलत होतो.

वडील सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत पी.टी.चे सर होते. चौतीस वर्षं त्यांनी कबड्डीचे संघ तयार केले. त्यांच्या कबड्डीत बचाव म्हणजे साखळी. शेजारच्याचा हात धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही. हात सोडणाऱ्याला ते मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावत, मग तो सामना जिंकलेला असो वा हरलेला. मी त्यांच्या एकाही संघात नव्हतो. माझा दम बरा होता, पण अंगात काही नव्हतं, आणि ते त्यांनी मला आठवीतच सांगून टाकलं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. खरं तर आहे, पण ती इथे नको.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते दरवर्षी थोडे दिवस आमच्याकडे येतात आणि दरवर्षी तीच फाईल बरोबर आणतात. सामानात टाकत नाहीत, विमानात हातात घेऊन बसतात. त्या फाईलमध्ये त्यांच्या चौतीस वर्षांच्या अर्जांच्या प्रती आहेत. कबड्डीची मॅट मिळावी, मैदान सपाट करून मिळावं, मुलींच्या संघाला जिल्ह्याला जायला गाडी मिळावी. प्रत्येक प्रतीवर गोल शिक्का, सही आणि आवक क्रमांक आहे, आणि वर उजव्या कोपऱ्यात वडिलांनी पेन्सिलीने कुठून पोच मिळाली ते लिहिलेलं आहे: 'जि. प.', 'तालुका', 'क्रीडा'. यातल्या एकाही अर्जाचं उत्तर आलेलं नाही. पण पोच प्रत्येकाची आहे, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे आणि तिची रविवारी ड्यूटी असते. त्यामुळे रविवारची सकाळ आमच्या दोघांची झाली. सहाला अवोन्डेलच्या बाजारात जायचं, मेथी-कोथिंबीर घ्यायची, साडेसातच्या आत परत येऊन टीव्हीसमोर बसायचं. वडील मोज्यांवर जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून बाजारात फिरत. एका भाजीवाल्याने त्यांना "नाइस जॅंडल्स, मॅटी" म्हटलं, तेव्हा त्यांनी त्याला कबड्डीच्या बुटांबद्दल पाच मिनिटं माहिती दिली. तो 'स्वीट ॲज' म्हणाला. हा होकार की नकार, असं त्यांनी मला गाडीत विचारलं. इथे 'झकास' म्हणायचं असलं की तसं म्हणतात, असं मी सांगितलं.

तिसऱ्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे आणि हरभरे मांडले. शेंगदाणे आमचे, हरभरे त्यांचे.

"हे बघ. चढाईवाला काय करतो? कोपऱ्याकडे झुकतो. कोपरा बाहेर येतो. साखळी ताणली जाते. मग मधल्याला हात लागतो. हे लोक तेच करतायत. फक्त एकट्याने करायचं काम अकरा जण मिळून करतायत."

"म्हणजे पटलं तुम्हाला?"

"पटलं म्हणालो नाही. कळलं म्हणालो." त्यांनी शेंगदाणे टेबलाच्या एका टोकाला सरकवले. "पण पसरायला जागा लागते. शेवटची रेषा जवळ आली की पुढे जागाच उरत नाही. तिथे पांगून काय करणार? शेवटच्या दहा यार्डांत यांनी दोन दांडगे आणले पाहिजेत आणि सरळ मधे घुसवले पाहिजेत."

हे त्यांचं म्हणणं अमेरिकेतले समालोचकही थोड्याफार फरकाने मांडत होते, पण वडिलांना इंग्रजी समालोचन वेगाने कळत नाही, म्हणून ते त्यांचं स्वतःचंच होतं. मग त्यांनी दोन्ही संघ खाऊन टाकले.

सप्टेंबर संपता संपता इथली घड्याळं तासभर पुढे गेली आणि सामना उशिरा सुरू व्हायला लागला. त्या रविवारी वडील सोफ्यावरून उठून टीव्हीपासून दोन हातांवर स्टुलावर जाऊन बसले. प्रत्येक वेळी चेंडू हलायच्या आधी ते एक शब्द बोलायचे. "फेकणार." चेंडू फेकला जायचा. "पळणार." खेळाडू चेंडू घेऊन पळायचा. एखाददुसऱ्या वेळी चुकले असतील. मी आधी दुर्लक्ष केलं, मग थोडा घाबरलो.

"बाबा, तुम्हाला कसं कळतं?"

"तू चेंडू बघतोस. सगळे चेंडूच बघतात. पाय बघ."

त्यांनी मला टीव्ही थांबवायला लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं. पुढच्या रांगेत उजव्या टोकाला एक धिप्पाड मुलगा वाकून उभा होता. चेंडू फेकायचा असला की फेकणाऱ्याला राखण्यासाठी त्याला मागे सरायचं असे, म्हणून तो आधीच टाचांवर भार टाकून बसे. पळायचं असलं की त्याच्या टाचा उचललेल्या असत. मी मागचे दोन सामने पुन्हा लावून बघितले. दोन्हीत तेच. वडिलांना हे दिसलं होतं म्हणजे समोरच्या संघांनाही दिसत असणार, आणि आमची स्प्रेड वारंवार का अडते याचं कारण त्या टाचांत होतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायची, तिची रीतसर नोंद करायची आणि ज्याची चूक त्याला पाठवायची, हे मी सोमवार ते शुक्रवार करतो. इतकी वर्षं तो संघ बघून मला काहीही सापडलं नव्हतं.

"हे त्यांना कळवायला हवं," वडील म्हणाले.

ते दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, गेले आणि रेघांचे कागद घेऊन आले. अर्ज लिहायला दोन दिवस लागले. निळ्या शाईत सहा पानं झाली. भाषा इंग्रजी होती, पण साचा जिल्हा परिषदेचा होता. प्रति, माननीय मुख्य प्रशिक्षक. विषय: आपल्या संघातील उजव्या टोकाच्या खेळाडूच्या टाचांबाबत. संदर्भ: दूरदर्शनवरील प्रक्षेपण. वरील विषयास अनुसरून आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की. मुद्दा एकमध्ये टाचा होत्या, मुद्दा दोनमध्ये शेवटच्या दहा यार्डांतले दोन दांडगे. सोबत आकृती जोडली होती आणि तिच्यातले शेंगदाणे व हरभरे नीट ओळखू येत होते. शेवटी 'आपला विश्वासू' आणि खाली 'निवृत्त क्रीडाशिक्षक'.

"स्कॅन करून मेलने पाठव," ते म्हणाले. "पोस्टाने जाईपर्यंत सीझन संपेल. आणि पोच घे."

मी स्कॅन केला आणि पाठवला नाही.

याचं कारण मी बायकोला सांगितलं ते असं की ते लोक कामात असतात, त्यांच्याकडे असे हीप्स, म्हणजे ढिगाने, मेल येत असतील. खरं कारण जुनं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीवरून सांगलीमार्गे कॉलेजला निघालो होतो आणि वडिलांनी मॅटचा अर्ज जिल्ह्याच्या ऑफिसात द्यायला माझ्याकडे दिला होता. तिथल्या कारकुनाने तो शेजारच्या टेबलावरच्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. वडिलांनी मॅटची जाडी, तिचा रंग आणि ती पावसाळ्यात कशी गुंडाळून ठेवावी हेही लिहिलं होतं. तिघं पोट धरून हसले. मी टेबलासमोर उभा होतो आणि मीही थोडा हसलो. मग त्याने शिक्का मारला, मी पोच घेतली आणि बसस्टँडवर आलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. त्यांच्या नाही, माझ्या.

"पाठवून टाक ना," बायको म्हणाली. "जास्तीत जास्त काय होईल?"

"हसतील."

"ते तिकडे हसले तर तुला इथे ऐकू येणारे का?"

तरी मी पाठवला नाही, आणि वडिलांना पाठवला म्हणून सांगितलं.

"पोच?" ते म्हणाले.

"येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिस सुटल्यावर विचारलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "त्यांच्याकडे आवक-जावकला माणूस नसेल तर तसं कळव, मी समजून घेईन." तेव्हा मला राहवलं नाही. मी माझ्या जुन्या मार्कशीटवरून विद्यापीठाचं चिन्ह उचललं, खाली दोन ओळी लिहिल्या की आपलं पत्र मिळालं, आपल्या बारकाईच्या निरीक्षणाबद्दल आभारी आहोत, आणि घरच्या प्रिंटरमधली निळी शाई संपली होती म्हणून ऑफिसात छापून आणलं. लोकांच्या चुका पकडून पोट भरणारा माणूस खोटा कागद करतो तेव्हा निदान तो चांगला करतो, असा माझा समज होता.

वडिलांनी चष्मा लावून तो कागद वाचला. उलटा करून मागची बाजू बघितली. पुन्हा वाचला. मग पंच काढून भोकं पाडली, पेन्सिलीने कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि फाईलला लावून टाकला. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि मी त्या दिवशी दोन वेळा चहा केला.

पण दोन आठवड्यांनी तो उजव्या टोकाचा मुलगा मैदानात आला तो दोन्ही टाचा जमिनीला टेकवून. फेकायचं असो की पळायचं, टाचा खाली. त्यांच्या कोचलाही डोळे होते आणि त्यालाही ते दिसलं असणार, एवढाच त्याचा अर्थ. वडील स्टुलावर बसले होते. ते एकही शब्द आधी बोलू शकले नाहीत, कारण ओळखायला काही उरलंच नव्हतं. आमचा संघ त्या दिवशी जिंकला. पांगलेली मुलं मैदानभर चेंडू झेलत होती आणि समोरचे नुसते मागे धावत होते. वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच भाजी निवडायला घेतली.

त्यानंतर गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. हेन्डरसनच्या एका हॉलमध्ये गुरुवारी आपल्याकडचे ज्येष्ठ जमतात. पुण्याचे, मुंबईचे, मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले. तिथे वडिलांनी टाचांची हकिगत सांगितली. मग दुसऱ्या गुरुवारी उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा सांगितली. मी त्यांना न्यायला गेलो की कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारी. "अर्ज दिला, मुलाने पोच आणून दिली, आणि टाचा बदलल्या," असं वडील सांगत. यातला शब्दन् शब्द खरा होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी फक्त गाडी कुठे लावली आहे ते सांगून बाहेर पडायचो.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांना शाळेतून फोन आला. डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि सरांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती. त्यांचं परतीचं तिकीट त्याआधीचंच होतं.

"फाईल घेऊन जाणार," ते म्हणाले. "या वेळी दाखवण्यासारखं काहीतरी आहे."

त्या माजी विद्यार्थ्यांतले निम्मे सरकारी नोकरीत आहेत. कागद हातात आला की आधी उलटा करून बघणारी माणसं. त्यांच्यासमोर वडील स्टेजवर उभे राहणार, माझा ऑफिसात छापलेला कागद वर धरणार, आणि कुणीतरी पहिल्या रांगेतून म्हणणार, सर, बघू जरा. सांगलीच्या त्या टेबलापाशी निदान ते स्वतः हजर नव्हते. जाण्याआधी त्यांना सांगायलाच हवं होतं. मी रोज ठरवत होतो आणि रोज दुसरं काहीतरी बोलत होतो, उदाहरणार्थ लॉन कापायला झालंय.

सीझनचा शेवटचा सामना त्यांच्या जाण्याच्या आधीच्या रविवारी आला. मी आदल्या संध्याकाळी बायकोला वचन दिलं होतं की सामन्यानंतर सांगेन. ती कामावर निघताना दारातून म्हणाली, "सामन्यानंतर म्हणजे या सामन्यानंतर हं."

सामना चांगला झाला. आमची मुलं दिवसभर पांगून खेळली आणि आपल्यापेक्षा दुप्पट दांडग्या संघाला त्यांनी दमवलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि शेवटची रेषा पाच यार्डांवर होती. चार प्रयत्न हातात होते. कोचने मैदानाकडे हात केला आणि कडेच्या दोन चपळ मुलांना बाहेर बोलावून दोन दांडगे आत पाठवले.

वडील स्टुलावरून उठून उभे राहिले.

मुद्दा दोन. जसाच्या तसा. आता हे पुढे गेले असते तर जगातला कुठलाही कागद वडिलांना पटवू शकला नसता की अमेरिकेत त्यांचा अर्ज कुणी वाचलेला नाही. मला सामन्यानंतरपर्यंत थांबवेना.

"बाबा, तो अर्ज गेलाच नाही," मी म्हणालो. "मी पाठवला नाही. पोच मी केली होती. ऑफिसात छापली."

"थांब," ते म्हणाले. "आधी हे बघू दे."

पहिल्यांदा मधे घुसले, यार्डभर गेले. दुसऱ्यांदा घुसले, दोन यार्ड. तिसऱ्यांदा जिथल्या तिथे. चौथ्यांदा सगळ्यांचा ढीग झाला, पंचांनी एकेकाला उचलून बाजूला केलं, आणि चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे निघाला. सामना संपला. समोरच्या संघाची मुलं उड्या मारत मैदानात आली.

वडिलांनी मला तो शेवटचा प्रयत्न पुन्हा लावायला सांगितलं आणि तिथे टीव्ही थांबवला.

"हे बघ. दोन्ही कोपरे मोकळे. इकडे कुणी नाही, तिकडे कुणी नाही. आपण दांडगे आणले म्हणून त्यांचेही सगळे मधे आले." ते स्टुलावर बसले. "पांगून राहिले असते तर एक जण सहज गेला असता. म्हणजे मुद्दा दोन चुकला."

"हं."

"बरं झालं पाठवला नाहीस."

त्यांनी जॅंडल्समधून एक पाय काढला आणि मोजा नीट केला.

"आवक क्रमांक नव्हता," ते म्हणाले.

"कशावर?"

"तुझ्या पोचेवर. आवक क्रमांक नाही, तारखेचा शिक्का नाही. चौतीस वर्षं पोचा घेतल्यात मी. आणि आभार मानलेत. पोचेवर कुणी आभार मानत नाही."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललास?"

मग मी बोललो. सांगलीचं ऑफिस, मोठ्याने वाचलेला अर्ज, मॅटचा रंग, हसणारे तिघं, आणि चौथा मी. एवढी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. मला भीती वाटत होती की त्यांना हे आज कळतंय आणि ते माझ्यामुळे कळतंय.

"माझ्यासमोरही हसायचे," वडील म्हणाले. "तो तर मॅटवाला अर्ज पाठ म्हणून दाखवायचा."

"तरी तुम्ही अर्ज देत राहिलात?"

"हसून झालं की शिक्का मारायचे ना."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. ऑफिस असं चालतं, एवढंच सांगत होते. मला त्या क्षणी त्यांचा जितका अभिमान वाटला तितका जिल्ह्याच्या कुठल्याही ट्रॉफीमुळे कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची फार चीड आली.

"मग मेळाव्यात काय दाखवणार होतात?" मी विचारलं.

"आकृती. शेंगदाण्यांची. चांगली आली आहे."

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी रेघांचा कागद घेतला आणि शुद्धिपत्रक लिहिलं. आमच्या दिनांक अमुकच्या अर्जातील मुद्दा क्रमांक दोन रद्द समजावा. शेवटच्या दहा यार्डांतही पांगूनच राहावे, असे आता आमचे मत झाले आहे. अर्जदारास आधी तसे वाटत नव्हते. मुद्दा क्रमांक एकची आपण आपणहून दखल घेतली, हे पाहून समाधान वाटले.

"पण आधीचा अर्ज त्यांच्याकडे गेलाच नाही," मी म्हणालो. "मुद्दा दोन त्यांना माहीतच नाही. रद्द काय समजणार?"

"मग दोन्ही एकदम पाठव."

मुद्दा दोन नुसता खोडून एकच अर्ज पाठवता आला असता. तसं मी सुचवून बघितलं. चुकलेलं मत फाईलवर राहायला हवं, असं ते म्हणाले.

विद्यापीठाच्या वेबसाइटवर संघाच्या ऑफिसला लिहिण्यासाठी एक फॉर्म होता. त्याला मी सहा पानं, आकृती आणि शुद्धिपत्रक जोडलं. पाठवण्याच्या बटनावर माझं बोट थोडं थांबलं. तिकडे कुणीतरी हे शेजारच्या टेबलाला वाचून दाखवील, असं मनात आलं. मग शिक्का मारतील, असंही आलं, आणि मी बटन दाबलं. अर्ध्या मिनिटात मेल आला. आपला संदेश मिळाला. संदर्भ क्रमांक अमुक. या मेलला उत्तर देऊ नये. त्यापलीकडे त्यांच्याकडून आजतागायत काही आलेलं नाही.

वडिलांनी फोनवर तो मेल बघितला आणि आकडे एकेक करून वाचले.

"हा आवक क्रमांक," ते म्हणाले. "छापून घे आणि फाईलला लाव. भोकं सरळ पाड."

या वेळी काळ्या शाईत घरीच छापला. फाईल त्यांच्या खोलीत पलंगाशेजारी होती. मी ती उघडली. सगळ्यात वर मी केलेली पोच होती, विद्यापीठाचं निळं चिन्ह आणि माझ्या दोन ओळी. फाडू का, असं विचारायला मी तोंड उघडणार होतो. मग उजव्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे पेन्सिलीने, मी तो कागद त्यांना दिला त्या दिवसाची तारीख घातलेली होती. तिच्याखाली, खालच्या कागदांवर 'जि. प.' आणि 'तालुका' लिहिलंय त्याच अक्षरात, एकच शब्द होता.

'घरून.'

"नवीवर काय लिहू?" मी बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं विचारलं.

"अमेरिका लिही," वडील म्हणाले. "पेन्सिल टेबलाच्या खणात आहे."

खण उघडला तर पेन्सिल समोरच होती. ती घ्यायला मला जरा वेळ लागला.